सूर्यास्तानंतरची शाळा

चातुर्मास संपतो, कार्तिकी पौर्णिमा होते, साधुसाध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात, आणि आमच्या घरी भिंतीवरच्या तिथिपत्रकातील एका अगदी बारीक अक्षरांच्या रकान्याला मोठे महत्त्व येते. तो रकाना सूर्यास्ताचा. उन्हाळ्यात त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. सातपर्यंत उजेड असतो, जेवणे सावकाश उरकतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र वाशीमचा सूर्य 5 वाजून 41 मिनिटांच्या सुमारास मावळतो. बाजार समितीतील लिलाव लांबला, एखाद्या शेतकऱ्याच्या पट्टीचा हिशेब राहिला, की माझ्या यजमानांना दुकानातून धावतच घर गाठावे लागते. पावणेसहाला ताटे उचललेली असतात, ओटा पुसलेला असतो आणि घरातील सहा माणसांपुढे झोपेपर्यंतचे साडेतीन तास मोकळे पडलेले असतात. हे साडेतीन तास म्हणजेच आमचा हिवाळा.

आमची दोन्ही मुले घरीच शिकतात, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्याची सुरुवात कशी झाली, हे मात्र मी आजवर लिहिले नव्हते. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी गावाबाहेरच्या एका शाळेत जात असे. शाळा सुटल्यावर तिथूनच परस्पर शिकवणी, आणि शिकवणीहून घरी यायला पावणेसात. थंडीच्या दिवसांत सूर्यास्ताआधी जेवायचे तर एकच उपाय होता : डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी भाजी द्यायची, आणि ती तिने शाळेतून शिकवणीला जाताना रिक्षात खायची. एके दिवशी मी तिला आणायला लवकर गेले. रिक्षा फाटकाशी उभी होती. नऊ वर्षांची मुलगी मांडीवर डबा धरून, रस्त्याकडे पाठ करून, घाईघाईने जेवत होती. आजूबाजूची मुले हसत नव्हती, चिडवत नव्हती, त्यांचे लक्षही नव्हते. पण ती एकटी जेवत होती. आमच्या घरात आजारी माणूससुद्धा एकटे जेवत नाही. त्या वर्षीच्या परीक्षेनंतर आम्ही तिला शाळेतून काढले, आणि धाकट्याला पहिल्या वर्गानंतर.

या निर्णयाला घरातून विरोध झाला तो माझ्या सासऱ्यांचा. बाबूजींचे सारे आयुष्य अडत दुकानात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : शिक्षणाचा दाखला हा हुंडीसारखा असतो, ज्या पेढीवर तो वटतो ती पेढी सरकारची, तुमच्या घरच्या शाईला तिथे कोण विचारणार? त्यांची शंका निराधार नव्हती. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकविणारी कुटुंबे या फटीत राहतात. परीक्षांचे मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या धरतात, आणि दहावीसाठी आपल्याकडे 17 नंबरचा फॉर्म सर्वांना माहीत आहे. हे सारे मी बाबूजींना कागद दाखवून समजाविले. ते ‘बरं’ म्हणाले. व्यापारी माणसाचे ‘बरं’ म्हणजे होकार नव्हे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता हिवाळ्याकडे येते.

पहिल्या हिवाळ्यात मुलीला मी एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितले, रोजचा सूर्योदय आणि सूर्यास्त तिथिपत्रकातून उतरवायचा आणि गच्चीवरून स्वतः पाहून खरा करायचा. माझा हेतू एवढाच होता की तिने अंक नीट लिहावेत. डिसेंबरच्या मध्यावर ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की तिथिपत्रक चुकले आहे. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, असे पुस्तकात आहे. मग सूर्यास्त सर्वांत लवकर त्याच दिवशी व्हायला हवा. पण वहीत तर सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीपासूनच मागे सरकू लागला होता. 22 डिसेंबरला तो 5:47ला आला. आणि सूर्योदय? तो 22 डिसेंबरनंतरही उशिराच होत राहिला. 6:52वरून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थेट सातला जाऊन टेकला.

मला उत्तर येत नव्हते. आठ दिवस लागले ते शोधायला. पृथ्वीची कक्षा नेमकी वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे. या दोन कारणांनी सूर्याचा मध्यान्ह घड्याळाच्या एकाच वेळेवर टिकत नाही, वर्षभर मागेपुढे होत राहतो. त्यातून आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचे आणि वाशीम सत्त्याहत्तराच्या आसपास, म्हणजे बावीस मिनिटांचा फरक आधीच पडलेला. नोव्हेंबरअखेरीस आमच्या गच्चीवर सूर्याचे बारा वाजतात तेव्हा घड्याळात 12:09 झालेले असतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात 12:32. म्हणजे दिवस वाढो की घटो, तो सबंधच पुढे ढकलला जात असतो. त्यामुळे संध्याकाळ आधी मोकळी होते आणि सकाळ मात्र जानेवारीतही गोठलेलीच राहते.

हे कळल्यावर सर्वांत आनंद झाला तो माझ्या सासूबाईंना. त्या पन्नास वर्षे नवकारशी करतात. सूर्योदयानंतर 48 मिनिटे झाल्यावर पाण्याचा पहिला घोट. ‘संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो म्हणतात, मग माझं पाणी आणखी उशिरा का?’ हा प्रश्न त्यांना लग्न होऊन आल्यापासून पडत असे. पण विचारायचा कोणाला? नातीने तो वहीवर बोट ठेवून सोडविला. त्या दिवसापासून दादी या शाळेच्या पक्क्या विद्यार्थिनी झाल्या.

माझे माहेर कारंजाचे, दिगंबर आम्नायाचे, सासर श्वेतांबर. लग्न ठरताना या गोष्टीची जितकी चर्चा झाली त्याच्या शंभरावा भागही पुढे त्रास झाला नाही, उलट मुलांना हिवाळ्यात एक सण जास्त मिळाला. भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक सासरी पोष दशमीला, माहेरी पौष कृष्ण एकादशीला. आणि आपल्या मराठी पंचांगात पाहावे तर दोन्ही दिवस मार्गशीर्षात सापडतात! धाकट्याला हा सरळसरळ घोटाळा वाटला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचे नाव एकच असते, कृष्ण पक्ष आला की ते एक महिना पुढे असतात. हे त्याला समजावे म्हणून बाबूजींनी दोन रंगांचे खडू घेऊन अंगणातील फरशीवर बारा महिने मांडले. ते खडूचे वर्तुळ पुसायला दादी चार दिवस तयार नव्हत्या.

मर्यादांचेही तसेच. माझ्या आईकडे दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. सासरी मिठाईचा काळ पावसाळ्यात 15, उन्हाळ्यात 20, हिवाळ्यात 30 दिवस. दोन्ही घरांचे आकडे मुलीने शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाली, ‘आई, दोघांच्याही मते हिवाळाच चांगला आहे.’ डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तिळाची वडी हे सारे याच दिवसांत डबे भरभरून का होते, याचे कारण तिला पाककृतीच्या पुस्तकाविना कळले. फाल्गुनी चौमासीनंतर सासरी तीळ आणि पालेभाजी बंद होते, त्यामुळे सासूबाई थंडीतच हात सैल सोडतात. कंदमूळ नसल्याने गाजराचा हलवा मात्र आमच्या मुलांनी केवळ दुसऱ्यांच्या लग्नात पाहिला आहे. दुधी हलव्यावर ती संतुष्ट आहेत, असे मी समजते.

पण हिवाळ्याचे खरे पाठ्यपुस्तक तूर. डिसेंबरात शेतकरी ओळखीने हिरव्या शेंगांची पिशवी दुकानात ठेवून जातात. वऱ्हाडात सोलेभाताशिवाय थंडी पुरी होत नाही. इतरांच्या घरी शेंगा टराटर सोलल्या जातात. आमच्याकडे तो दोन तासांचा सोहळा असतो, कारण प्रत्येक शेंग उघडून दाणा न् दाणा पाहायचा असतो. दुपारच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर सतरंजी टाकून दादी, मी आणि दोन्ही मुले बसतो. धाकट्याचे शिक्षण इथे सुरू झाले. मोठे गोल भोक असेल तर आत हिरवी अळी, ती अर्धी शेंगेत आणि अर्धी बाहेर राहून खाते. बारीक केसाळ असेल ती पिसारी पतंगाची. आणि शेंग बाहेरून अगदी निर्दोष दिसत असेल तरी सोडायचे नाही, कारण शेंगमाशीची अळी आतच वाढते. बाहेर पडायला ती टाचणीएवढी खिडकी करते, पण ती शेवटी. ‘वरून स्वच्छ दिसते तिलाच जास्त बघ’ हे दादींचे वाक्य त्याने वहीत चित्राखाली लिहिले आहे. अळ्या एका पानावर घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात कुंडीत लावलेल्या तुरीच्या झाडावर सोडल्या जातात. ते झाड दादींनी त्यासाठीच लावले आहे. त्याला एक शेंगही धड येत नाही, याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

तूर वाळून बाजारात आली की वर्ग दुकानात भरतो. हमीभावाच्या खरेदीत तुरीला 12 टक्के ओलावा चालतो. मापायला यंत्र असते, पण बाबूजी दाणा दाताखाली धरून आधी आकडा सांगतात आणि मग मुलांना यंत्र लावायला लावतात. एका टक्क्याच्या आत बरोबर असले तर ते काही बोलत नाहीत. चुकले तर यंत्र जुने झाले म्हणतात.

संध्याकाळी जेवणानंतर पाढे. शाळेत तीसपर्यंतचे, बाबूजींकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे मला स्वतःला लग्नानंतर कळले. साडेतीन रुपये दराने सतरा शेर किती, हे कागदाविना सांगणारी माणसे या पिढीबरोबर जाणार. त्यानंतर लाल कापडाच्या जुन्या वह्या निघतात. पानाला घड्या घालून सळ कसे पाडायचे, रोजमेळ कसा मांडायचा. आपल्या देशी नामापद्धतीत डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. मुलीच्या पुस्तकात नेमके उलटे : डावीकडे नावे, उजवीकडे जमा. ‘दादाजी, इंग्रजांनी आरशात बघून लिहिलं का?’ या तिच्या प्रश्नावर बाबूजी इतके हसले की सासूबाईंना पाणी घेऊन यावे लागले, आणि मग सूर्यास्त झाला आहे हे आठवून पेला तसाच हातात राहिला. त्या रात्रीपासून त्यांचा ‘बरं’ थोडा बदलला, असे मला वाटते. त्यांनी एका व्यवहाराची नोंद तिच्याकडून दोन्ही पद्धतींनी करून घेतली आणि दोन्हींची बाकी जुळल्यावर वही स्वतःच्या गादीखाली ठेवली.

सारेच गोड होते असे नाही. समोरच्या गल्लीत रोज रात्री शेकोटी पेटते. वाळलेल्या पाल्यात थंडीने दडून बसलेले जीव असतात, म्हणून आमच्याकडे पाला पेटवत नाहीत. पहिल्या वर्षी धाकटा खिडकीला नाक लावून त्या ज्वाळांकडे पाहत बसे. मी त्याला अहिंसेचे तत्त्व समजावीत बसले. दादींनी मात्र काही न समजाविता आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढली आणि त्याला आत ओढून गोष्ट सुरू केली. शिकवणे कशाला म्हणतात याबद्दलचा माझा पुष्कळ गर्व त्या एका हिवाळ्यात उतरला. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण अनेक भगिनी मला उत्साहाने विचारतात : घरची शाळा म्हणजे बहुतेक वेळा आईची शाळा. स्वयंपाक, पाहुणे, दुकानातील माणसांचा चहा आणि त्यात अपूर्णांक. ज्या घरात आजी-आजोबा हे काम अंगावर घेत नाहीत त्या घरातील सुनेने माझे लेख वाचून निर्णय करू नये.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही कारंजाला गेलो होतो. तिथल्या बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन मंदिरांपैकी प्रत्येकाशी माझ्या लहानपणाची एकेक आठवण बांधलेली आहे. मुलांना मी ग्रंथभांडारांविषयी सांगितले : अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन या हस्तलिखितांच्या शोधात इथे येत. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ त्यांनी संपादिले आणि 1933 मध्ये ते कारंजाहून प्रसिद्ध झाले. मुलगी ऐकत होती, पण तिचा प्रश्न निराळाच निघाला. ‘आजोबा, तुम्ही कुठे शिकलात?’ माझे वडील महावीर ब्रह्मचर्याश्रमात शिकले. 1918 मध्ये ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजे पुढच्या समंतभद्र महाराजांनी, कारंजात स्थापिलेले ते गुरुकुल. वडिलांनी सांगितले : पहाटेची थंड पाण्याची आंघोळ, रांगेतील जेवण, आणि थंडीत एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपणारी वीस मुले. त्यांना त्यातील एकही धडा आठवत नव्हता. पाठी मात्र सगळ्या आठवत होत्या. कोणाची हाडे टोचत, कोण झोपेत बोलत असे.

परतीच्या वाटेवर मुलगी गप्प होती.

आमच्या घरापासून दोन-तीन गल्ल्या पलीकडे एक मराठी शाळा आहे. डिसेंबर उजाडला की तिच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि ध्वनिक्षेपकावरची गाणी आमच्या गच्चीवर स्पष्ट ऐकू येतात. कारंजाहून आल्यावर चौथ्या दिवशी मी वाळत घातलेले तीळ उचलायला वर गेले. पाण्याच्या टाकीमागे ती नाचत होती. एक संपूर्ण समूहनृत्य तिला केवळ ऐकून, आणि कधीतरी शाळेच्या कुंपणावरून पाहून, पाठ झाले होते. हात धरायच्या जागी ती हात पुढे करीत होती, आणि तिथे कोणी नव्हते. धाकटा तांदळाच्या डब्यावर ताल धरून बसला होता. मी तीळ न उचलताच खाली आले.

रात्री तिनेच विषय काढला. ‘आई, मला जूनपासून त्या शाळेत जायचं आहे. इथे वाईट आहे म्हणून नाही.’ मी काही बोलायच्या आत बाबूजी म्हणाले, ‘आणि आपला रोजमेळ?’ ज्यांनी तीन वर्षांपूर्वी दाखल्यासाठी वाद घातला होता, त्यांचाच तो आवाज होता. यजमान माझ्याकडे पाहत राहिले. मला रिक्षातील डबा दिसत होता. मी म्हटले, ‘आणि जेवणाचं काय? पुन्हा तेच?’

तिने वही आणली. तीन वर्षांचे सूर्यास्त त्यात ओळीने होते. शेवटच्या पानावर तिने मांडले होते : शाळा सुटते 5 वाजता. शाळेतून घरापर्यंत चालत 12 मिनिटे. हे तिने दोनदा चालून पाहिले होते, एकदा दप्तराऐवजी धाकट्याला पाठीवर घेऊन. वर्षातील सर्वांत लवकरचा सूर्यास्त 5:41. शिकवणी लावायची नाही. गणित दादाजींकडे, सूर्यास्तानंतर. खाली रेघ मारून बाकी काढली होती : 29 मिनिटे. आणि ती देशी पद्धतीने, जमेच्या बाजूला लिहिली होती.

बाबूजींनी वही दिव्याजवळ नेऊन आकडे तपासले. मग ती सासूबाईंच्या पुढे धरली, जणू शेवटची सही त्यांची लागणार होती.

‘दादी, एकोणतीस मिनिटांत जेवण होईल ना?’

‘होईल,’ दादी म्हणाल्या. ‘पण तू आलीस की लगेच बसायचं. आणि चावून खायचं.’